फोटोंखालची नावं

मिलिंद, तू गेल्यावर झालेल्या तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी बोललो नाही. तुझ्या शाळेतले सहकारी बोलले, तुझ्याकडं कॉम्प्युटर शिकलेली मुलं बोलली, ज्याला तू कधीकाळी एक अर्ज भरून दिला होतास तोही बोलला. सगळ्यांचं म्हणणं एकच, की सर कधी कुणावर रागावले नाहीत. मग कुणीतरी माईक माझ्याकडं आणला. मी घसा बसलाय असं खुणेनं सांगितलं आणि मागं जाऊन उभा राहिलो. घसा ठीक होता. माझ्याजवळ तुझ्याविषयी सांगण्यासारखी एक तक्रार होती, आणि तक्रार त्या मांडवात चालली नसती. निघताना संध्यावहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा घसा काऊन बसला ते मले समजते."

त्यांना समजतं, कारण त्याही त्यात सामील होत्या. आजार तुला वर्षभर माहीत होता. वहिनींना माहीत होता, शाळेत माहीत होता. सिंदीत ज्याच्याबरोबर तू रोज दुपारी चहा प्यायचास त्या माणसाला कळलं तेव्हा तुला उठून बसता येत नव्हतं. मी स्टुडिओ बंद केला, नागपूर गाठलं आणि तुझ्या उशाशी उभा राहून ओरडलो. नर्स मला बाहेर काढायला आली. तू हात थोडा वर करून तिला थांबवलंस आणि माझ्याकडं बघून म्हणालास, "तुले सांगितलं असतं त तू डॉक्टरशी भाव केला असता."

हो, केला असता. त्यानं महिने सांगितले असते तर मी वर्षं मागितली असती. दुसरं काय येतं मला? केळझरच्या टेकडीवर उसना कॅमेरा घेऊन दर्शनाला आलेल्यांचे फोटो काढायचो, तिथपासून सिंदीत माझ्या नावाची पाटी लागेपर्यंत जे मिळालं ते भांडून मिळालं. मागितल्याशिवाय मला कुणी काही दिलं नाही. आणि तू मला मागूच दिलं नाहीस. डॉक्टरसमोर मी हरलो असतो, हे मलाही कळतं. पण हरायचं ते मी स्वतः भांडून हरलो असतो.

हे सगळं मी त्या माईकवर कसं बोलणार होतो?

आपली ओळखही भांडणातूनच झाली. लग्न उरकलं की दोन्हीकडची मंडळी अल्बमसाठी फोटो निवडायला माझ्या स्टुडिओत यायची. मुलीकडचे एका बाकावर, मुलाकडचे दुसऱ्यावर. आत्याचा घेतला तर मामीचा का नाही, यावर दुपार जायची, आणि चहा माझा. तू माझा कॉम्प्युटर बघायला आला होतास. कोपऱ्यात बसून तो तमाशा बघितलास आणि ते गेल्यावर म्हणालास, की फोटो वेबसाइटवर टाकू, लोक आपापल्या घरी बसून निवडतील अन् घरीच भांडतील. मला ते शेवटचं फार आवडलं.

तयार सेवा विकत घ्यायला तू नाही म्हणालास. इंटरनेटवर आपली जागा भाड्यानं घ्यायची, त्यावर फुकट मिळणारा गॅलरीचा प्रोग्राम बसवायचा, म्हणजे फोटो आपल्याच ताब्यात. पहिल्या दिवशी तू तो चढवलास, पत्ता टाकलास आणि समोर कोरं पांढरं पान आलं. चूक नाही, सूचना नाही, काहीच नाही. मी टेबलावर हात आपटला आणि फुकटच्या वस्तूंविषयी माझं मत सांगितलं. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "कोरं पान म्हणजे बिघाड आहे, पण त्याचं तोंड बंद करून ठेवलं आहे. आधी त्याले बोलतं करू." कुठल्याशा फाइलमधली एक ओळ बदललीस आणि पानभर तक्रारी उमटल्या. माझा जीव घाबरा झाला, तुला आनंद झाला. प्रोग्रामला फोटोंच्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नव्हती, एवढंच निघालं. एवढ्यासाठी अख्खं पान पांढरं.

तुझी रीत तेव्हापासून मी बघत आलो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय होतं ते बघायचं, नाही जमलं तर ती होती तशी करायची, मगच दुसरीला हात लावायचा. माझा धंदा उलटा. मी समोरच्याला चारी बाजूंनी एकदम धरतो.

कोरं पान तुला सहन व्हायचं नाही, आणि मला तू वर्षभर तेच दाखवत राहिलास. शाळा सुटली की यायचास, अर्धा चहा टाकून द्यायचास, विचारलं की पित्त म्हणायचास. मी तुला बोलतं करायला हवं होतं असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. दार तू आतून लावलं होतंस.

माझ्या फोल्डरांची नावं बघून तू किती हसला होतास. मी लग्नाचं फोल्डर ज्याच्याशी भाव ठरला त्याच्या नावानं ठेवतो. नवरा-नवरी मला मांडवात भेटतात, पण बोलणी कधी मामाशी होतात, कधी मोठ्या जावयाशी, एकदा तर मुलीच्या मास्तरांशी झाली. माझ्या डोक्यात ते लग्न त्याच माणसाचं म्हणून राहतं. त्यामुळं गॅलरी सुरू झाली आणि लोकांना स्वतःचं लग्नच सापडेना. सेलूच्या एका मुलीनं फोन करून विचारलं, की माझे फोटो वासुदेवरावांच्या नावाखाली काऊन आहेत. वासुदेवराव तिच्या सासऱ्यांचे साडू. तिनं त्यांना धड पाहिलंही नव्हतं. फोन ठेवल्यावर तू डोळे पुसत म्हणालास, "सेठ, तुया राज्यात नवरदेवाले काही किंमतच नाई."

फोल्डरांची नावं मी बदलली नाहीत. ती बदलली की मला माझीच कामं आठवत नाहीत. तेव्हा तू ती तशीच ठेवलीस आणि प्रत्येक फोटोखाली नावं लिहायला लागलास. आधी नवरा-नवरी. मग शेजारी उभे असलेले. मग मागं दिसणारे, पंक्तीत वाढणारे, दाराशी चपला सांभाळणारे. कुणी अल्बम निवडायला आलं की त्यांना विचारायचास, ही कोण, तो कोण, कुणाचा कोण. नाव नाही कळलं तर "हिरवा शेला, विचारायचं" असं लिहून ठेवायचास. मी म्हणायचो, शिक्षक माणूस, हजेरी घेतल्याशिवाय करमत नाही याला.

कारण मात्र आपल्या दोघांनाही माहीत होतं. आपल्याकडं माणूस गेलं की घरचे स्टुडिओत येतात. हार घालायला फोटो पाहिजे असतो, आणि फोटो नसतो. बाईचा तर नसतोच. मग आठवण निघते, की अमक्याच्या लग्नात ती मागं उभी होती. मी त्या घोळक्यातून चेहरा कापून घेतो, मागचा मांडव पुसून निळा पडदा टाकतो आणि मोठा करून फ्रेममध्ये बसवतो. त्या बाईनं आयुष्यात कधी निळ्या पडद्यासमोर बसून फोटो काढलेला नसतो. घरचे तो घेऊन जातात आणि पुढं तीच तिची आठवण होते.

गॅलरीला कुलूप लाव, हे मी पहिल्या महिन्यापासून म्हणत होतो. ज्याचं लग्न त्याला पासवर्ड. उघडं ठेवलं की लोक पडद्यावरचाच फोटो मोबाइलमध्ये उचलतात आणि अल्बमच्या वेळी तोंड फिरवतात. शिवाय कुणाच्या घरच्या लेकीबाळी कुणीही का बघाव्यात? यात मी चूक नव्हतो. तू म्हणायचास, "ज्याले अल्बम पाह्यजे तो घेईनच. पण जे बाई मांडवामागं पुऱ्या लाटून राह्यली, तिच्या पोराले पासवर्ड कोन देईन?" मी म्हणायचो, त्यानं माझ्याकडं यावं. तू म्हणायचास, त्याला ती तिथं आहे हेच माहीत नसतं तर तो येईल कशाला? शेवटी कुणी हरकत घेतली तर तेवढा फोटो काढायचा, एवढ्यावर आपण थांबलो. थांबलो, मिटलं नाही. चहा आला की तो विषय निघायचाच. मला ते भांडण आवडायचं, मिलिंद. बाजारात लोक दमतात किंवा चिडतात. तू दोन्ही करत नव्हतास.

तू गेल्यावर थोड्याच दिवसांत गॅलरी बंद पडली. ज्या कंपनीची जागा आपण वापरतो तिनं सर्व्हरवरचं जुनं काहीतरी काढून नवं आणलं आणि तुझा जुना प्रोग्राम त्यावर चालेना. पत्ता टाकला की कोरं पान. मी बघितलं आणि पान बंद केलं. अंगात काही करायची ताकद नव्हती. वाटलं, राहू दे. आपोआपच कुलूप लागलं.

मग गिरडचे रामभाऊ आले. त्यांची आई गेली होती, तेरवी जवळ आली होती, फोटो पाहिजे होता. म्हणाले, "सरनं मले त्याहीच्या मोबाइलवर दाखवला होता आईचा फोटो. म्हणे, साइटवर आहे, केव्हाही घेजो." मी विचारलं, कुणाच्या लग्नातला. त्यांना माहीत नव्हतं. नात्यागोत्यात कुठंही लग्न असलं की आई स्वयंपाकाला जायची. "मांडवात कुठी येत होती ते. मागंच राहे." मी माझ्याकडची हार्ड डिस्क उघडून दिली. त्यात फोटोंना फक्त आकडे आहेत. रामभाऊ बिचारे लग्नामागून लग्न बघत राहिले, अनोळखी नवरदेव, अनोळखी वराती. बऱ्याच वेळानं म्हणाले, आता सगळ्या बाया सारख्याच दिसून राह्यल्या.

ती कुठल्या फोटोत आहे हे एकट्या तुला माहीत होतं, आणि तू ते त्या कोऱ्या पानामागं लिहून ठेवलेलं होतंस.

मी प्रोग्रामची नवी आवृत्ती उतरवली, चढवली आणि नव्यानं बसवायचं पान उघडलं. जुन्या सेटिंगच्या फाइलमधून डेटाबेसचं नाव आणि पासवर्ड उचलून भरला. बाण खालच्या बटनावर नेला. वर लाल अक्षरांत काहीतरी आलं होतं. लाल अक्षरं मी वाचत नाही, तुला माहीत आहे. लाल दिसलं की मी 'पुढे' दाबतो. अशा वेळी तू माझं मनगट धरून हात माउसवरून उचलायचास. "हात काढ बे. आधी पुरं वाच." त्या दुपारी हात उचलायला कुणी नव्हतं. मी स्वतःच तो काढला आणि खिशात घातला.

लिहिलं होतं, की इथं आधीची माहिती आहे आणि पुढं गेलात तर ती पुसली जाईल. पहिल्यांदा वाटलं, फोटो जातील, जाऊ देत, माझ्याकडं डिस्कवर आहेतच. मग उमगलं. फोटो फोल्डरात असतात. डेटाबेसमध्ये तू लिहिलेली नावं होती. तुझ्या सगळ्या दुपारी होत्या. बटन दाबलं असतं तर सगळे चेहरे जागच्या जागी राहिले असते आणि एकाचंही नाव राहिलं नसतं. मी उठलो, शटर अर्धं ओढलं आणि बाकावर जाऊन बसलो. रामभाऊंनी विचारलं, "काय झालं सेठ, नाई होत का?" मी म्हटलं, होते. थांबा जरा.

सर्व्हरच्या कंपनीच्या मदतीच्या नंबरवर एक मुलगी हिंदीत बोलली. मी तिला म्हटलं, तुमचं जुनं आठवडाभर परत लावा. नाही म्हणाली. मी दोन दिवसांवर आलो. तेही नाही. मग एक दुपार मागितली. ती म्हणाली, "सर, वो पूरे सर्व्हर का है, एक के लिए नहीं हो सकता." आवाजात राग नव्हता, कंटाळा नव्हता. समोर देण्यासारखं काही नसलं की माणूस असाच बोलतो. तुझ्या डॉक्टरशी मी कधी बोललो नाही, पण तोही असाच बोलला असता हे मला तिथं, फोन कानाला लावून उभा असताना कळलं. तुझ्यावरचा राग त्यानं कमी झाला नाही. थकवा मात्र वाढला.

पुढचं तिनंच समजावलं. नवं बसवू नका, आधी डेटाबेसची पूर्ण प्रत काढा, मग जुन्यावरच नवी आवृत्ती चढवून अपग्रेडचं पान चालवा. मी तसं केलं. गॅलरी उघडली, पण फोटोंच्या जागी राखाडी चौकोन. माझं डोकं फिरलं. कंट्रोल पॅनलमध्ये जे जे दिसलं ते ते बदललं, आणि पुन्हा कोरं पान. मग मुकाट्यानं सगळं होतं तसं केलं आणि तुझ्या रीतीनं बसलो. आधी त्याला बोलतं केलं. फोटो लहान करणारा भाग नव्या सर्व्हरवर चालूच नव्हता, तो चालू केला. बघितलं. लहान फोटो आले, मोठे येईनात. मेमरीची मर्यादा वाढवली. बघितलं. एक बदलायचं, बघायचं. मला हे काम जमतं, पण आवडत नाही. हे तुझं काम होतं. मी बाजूला बसून शिव्या द्यायच्या, अशी आपली वाटणी होती.

शोधायच्या चौकटीत मी "गिरड" टाकलं. पुलगावच्या एका लग्नातला फोटो आला. मांडवामागं धूर, मोठी कढई, एक म्हातारी झारा धरून उभी, दुसरा हात कॅमेऱ्याकडं आडवा. खाली तू लिहिलं होतंस: "पार्वताबाई, गिरड. फोटो नको म्हणत होत्या." हे माझ्या बाजूचं आहे, मिलिंद, हे लिहिताना तुझ्या ध्यानात आलं होतं का? नको म्हणणाऱ्या बाईचा फोटो तू उघड्यावर ठेवलास. मी रामभाऊंना ते बोलून दाखवणार होतो. पण ते पडद्याजवळ सरकले आणि म्हणाले, "असाच हात करे ते. जेवाले नाई म्हटलं तरी असाच."

चेहरा कापून घेतला, मागं निळा पडदा टाकायला लागलो. रामभाऊ म्हणाले, "राहू द्या. धूर राहू द्या." इतक्या वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी धूर ठेवला. झारा ठेवला. तो आडवा हातही ठेवला.

ते गेल्यावर मी गॅलरीत माझं नाव टाकून बघितलं. कॅमेऱ्यामागचा माणूस फोटोत कुठून असणार, असं वाटत होतं. पण एका लग्नात माझ्या जोडीला दुसरा फोटोग्राफर होता, त्यानं मला टिपलेलं. मुलीच्या काकांसमोर बोट नाचवतोय, तोंड उघडं, कपाळावर आठ्या. खाली तू लिहिलंस: "वसंता सेठ, भाव करून राह्यला. काका हरणार." कधीपासून हे साऱ्या जिल्ह्याला दिसत होतं कुणास ठाऊक. मला सांगितलंही नाहीस. कुलूप का हवं याचं याहून चांगलं उदाहरण तुला देता आलं नसतं. काका खरंच हरले होते.

अपग्रेडनं सेटिंगचं एक पान नव्यानं भरायला सांगितलं होतं. त्यात प्रश्न होता, की गॅलरी सगळ्यांना दिसू द्यायची की फक्त पासवर्ड असलेल्यांना. मी ते पान काही दिवस तसंच ठेवलं. एक टिचकी, आणि एवढ्या वर्षांचं आपलं भांडण मी जिंकलं असतं. मुद्दे सगळे माझ्याकडं तयार होते. पार्वताबाईंचा हातही माझ्या बाजूनं होता. वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "तुमचं तुम्ही पाहा भाऊजी, ते तुमचं दोघांचं होतं."

मी पुष्कळ सौदे केले. काही लोकांना जड गेले, ते आजही रस्ता बदलतात. पण समोरचा उठून गेल्यावर एकट्यानंच भाव बोलायचा आणि ठरला म्हणायचं, हे मी कधी केलं नाही. बोलणी अर्धी राहिली तर जे आधी चालू होतं तेच चालू ठेवायचं असतं. म्हणून गॅलरी उघडी ठेवली आहे. पटलं म्हणून नाही. पटवायला तू हवा होतास.